भिरभिऱ्याची बाजू

बागेतल्या शोभेच्या वस्तूंविषयी साहित्याच्या व्यासपीठावर लिहायचे तर आधी थोडी दिलगिरी व्यक्त करावी, असा आपल्याकडे संकेत आहे. आम्ही ती करणार नाही. जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींतून, बंगल्यांच्या अंगणांतून, गच्चीवरच्या कुंड्यांतून वाऱ्यावर फिरणाऱ्या वस्तू दिसू लागल्या आहेत: पत्र्याची रंगीत फुले, पंख हलवणारे लाकडी पक्षी, एकात एक बसवलेली आणि परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी धातूची चक्रे. त्या पाहून आमच्या प्राध्यापक मित्रांच्या चेहऱ्यावर जे सूक्ष्म स्मित उमटते, त्या स्मिताशी आमचे भांडण आहे. ‘बाजारू’, ‘किच’, ‘मध्यमवर्गीय हौस’ हे शब्द या मंडळींच्या ओठांवर तयारच असतात. पैकी ‘किच’ हा शब्द क्लेमंट ग्रीनबर्ग यांच्या १९३९ च्या निबंधापासून जगभरच्या समीक्षेत हातोड्यासारखा वापरला गेला आणि हातोडा हाती असला की खिळे दिसू लागतातच. पण या वस्तूंकडे एकदा नीट पाहिले आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी नावाचे पाहू. दुकानदार या वस्तूंना काहीही म्हणोत, मराठीला त्यांच्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. भिरभिरे हा शब्द आहे, भिंगरी आहे, चक्री आहे. फिरण्याच्या क्रियेचे इतके बारीक भेद करणाऱ्या भाषा थोड्या असतील. गरगर फिरणे वेगळे आणि भिरभिरणे वेगळे. गरगर म्हणताना वेग येतो, आस येतो, पाहणाऱ्याला घेरीही येते. भिरभिर म्हणताना हलकेपणा येतो, दिशेची अनिश्चिती येते, म्हणून तर नजर भिरभिरते, ती गरगरत नाही. गिरकी एकदाच घ्यायची असते. भोवरा जमिनीला टेकून फिरतो, वावटळ जमीन सोडून. पायाला भिंगरी लागलेला माणूस घरी सापडत नाही. वाऱ्याचेही तसेच: झुळूक, झोत, सोसाटा, वावटळ, वावधान. ही शब्दकळा कोणी कवींनी बसून तयार केलेली नव्हे. ज्यांना वारा रोज पाहावा लागत होता, ज्यांचे पोट त्याच्यावर होते, त्या लोकांनी ती घडवली. मात्र त्याच भाषेने वाऱ्याविषयीचा अविश्वासही साठवून ठेवला. वाऱ्यावर सोडणे म्हणजे निराधार करणे; वारा पाहून पाठ फिरवणारा तो संधिसाधू. वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या वस्तूला चारित्र्य नसते, असे आपली म्हणी-वाक्प्रचारांची नीती सांगते. भिरभिऱ्याची थट्टा करणाऱ्या समीक्षकाच्या मागे ही नीतीही उभी असावी, असा आम्हांला संशय आहे.

खानदेशात वाऱ्याशी माणसाचे नाते काय होते, हे समजून घ्यायचे तर बहिणाबाई चौधरींची ‘उपननी’ ही कविता वाचावी. वर्गात ती शिकवली जाते, परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतात. मात्र तिचा विषय हल्लीच्या विद्यार्थ्याला टीपेवाचून कळत नाही. मळणी झाली आहे, धान्य आणि भुसा एकमेकांत मिसळून खळ्यावर पडला आहे. तिवईवर उभे राहून सूप तिरपे करायचे, म्हणजे भुसा वाऱ्यावर लांब जातो आणि दाणा पायाशी पडतो. वारा नसेल तर हे काम होतच नाही. सूप भरलेले, माणसे खोळंबलेली, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. तेव्हा त्याला नात्याने, आर्जवाने हाक मारावी लागते. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये जळगावला निवर्तलेल्या या बाईंच्या लेखी वारा हे निसर्गसौंदर्य नाही. तो उशिरा येणारा, पण ज्याच्यावाचून भागत नाही असा सोबती आहे. निसर्गकवितेच्या चर्चेत बालकवींना पहिले आसन देण्याची आपली सवय आहे. तेही आमच्या धरणगावचेच. पण वारा कामाला असताना कसा दिसतो आणि कामावरून गेल्यावर कसा दिसतो, हा भेद बालकवी सांगत नाहीत; बहिणाबाईंच्या कवितेत तो न सांगता आहे.

मळणीयंत्र आले आणि वारा कामावरून गेला. याबद्दल आम्हांला हळहळ नाही. भर उन्हात सूप धरून उभे राहणाऱ्या बायांच्या दंडांना विचारल्याशिवाय कोणी त्या दिवसांची गोडवी गाऊ नयेत. पण वारा गेला कोठे, हा प्रश्न उरतो. जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, तो आता मुख्यतः नुकसान म्हणून ओळखला जातो. केळीचे पान एवढे मोठे की साध्या वाऱ्यानेही ते शिरांच्या रेषेत फाटत जाते. त्याने झाडाचे फार बिघडत नाही, उलट फाटलेल्या पानातून वारा निघून जातो. पण वैशाख-ज्येष्ठात, घड भरात आलेले असताना, पावसाआधीचे वादळ आले की उभी बाग आडवी होते. म्हणून बागेच्या कडेने शेवरीची, गजराज गवताची भिंत करतात. वर्तमानपत्रात वाऱ्याची बातमी येते ती पंचनाम्याच्या बातमीबरोबर. वाऱ्याचा दुसरा अवतार धुळे जिल्ह्यात आहे. धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला लागून साक्रीकडे गेले की डोंगरमाथ्यांवर पांढरी, तीन पात्यांची चक्रे दिसतात. ब्राह्मणवेल आणि आसपासच्या पठारांवरचे हे पवनऊर्जेचे प्रकल्प महाराष्ट्रातल्या मोठ्या प्रकल्पांत गणले जातात. ‘पवनचक्की’ म्हणतो आपण त्यांना. चक्की हा शब्द दळणाचा, आणि तेथे दळले काहीच जात नाही. लोक अधिक अचूक आहेत, ते सरळ ‘पंखे’ म्हणतात. या पंख्यांखालच्या वनजमिनीवरून आदिवासी कष्टकऱ्यांना आंदोलने करावी लागली, हेही येथे नोंदवले पाहिजे. वारा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर जमीन कोणाची या प्रश्नातून जाते, हे त्या आंदोलनांनी दाखवून दिले.

म्हणजे आज खानदेशात वारा दोन ठिकाणी उरला आहे: पंचनाम्यात आणि मेगावॉटमध्ये. घराशी, हाताशी, डोळ्यांशी त्याचा संबंध जवळजवळ तुटला. खिडक्या बंद करून कूलर लावणाऱ्या घरात बाहेर कोणत्या दिशेचा वारा आहे, हे कोणाला ठाऊक असते? आम्ही भिरभिऱ्याची बाजू घेतो ती या ठिकाणी. अंगणात खांबावर लावलेले एक पत्र्याचे चक्र दिसायला कितीही भडक असो, घरातल्या माणसाला वाऱ्याकडे पाहायला लावणारी ती बहुधा शेवटची वस्तू आहे. वारा डोळ्यांना दिसत नाही. झाडाच्या फांदीवर, धुरावर, दोरीवरच्या लुगड्यावर तो दिसतो, पण त्या साऱ्या वस्तू दुसऱ्याच कशासाठी तरी असतात. भिरभिरे केवळ त्याच्यासाठी असते.

येथे आमचे मित्र म्हणतील, हे सारे ठीक, पण सौंदर्याचे काय? उपयुक्ततेची साक्ष काढून कलाकृतीचे समर्थन होत नसते. मान्य. मग सौंदर्यशास्त्राकडेच जाऊ, आणि तेही खानदेशच्या वाटेने. बा. सी. मर्ढेकर १ डिसेंबर १९०९ रोजी जन्मले ते फैजपूरला, म्हणजे याच जळगाव जिल्ह्यात. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हे त्यांचे पुस्तक १९५५ चे. त्यांच्या निधनानंतर, १९५६ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. संवेदनांची रचना लयतत्त्वानुसार होते आणि त्या लयीचे नियम तीन: संवाद, विरोध, समतोल. हे तीन शब्द मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने पाठ केलेले असतात, आणि बहुतेकांनी ते एखाद्या कवितेवर चिकटवून गुणही मिळवलेले असतात. आम्ही सुचवतो की ते एकदा भिरभिऱ्यावर लावून पाहावेत. एकाच आकाराची, एकाच कोनात वळवलेली बारा पाती एकामागून एक डोळ्यांसमोरून जातात, हा संवाद. त्यामागचे दुसरे चक्र उलट दिशेने फिरते, आणि दोहोंच्या पात्यांमधून क्षणभर एक तिसरी, स्थिर भासणारी आकृती दिसते, हा विरोध. आणि समतोल? तो तर येथे रूपकही राहत नाही. एक पाते जरासे जड असले तर मंद वाऱ्यात चक्र प्रत्येक वेळी तेच पाते खाली येऊन थांबते. कारागीर हाताने चक्र सोडून देतो, कोणते पाते खाली येऊन थांबते ते पाहतो, पुन्हा सोडतो. तेच पाते पुन्हा खाली आले की त्याची कड थोडी कापतो किंवा समोरच्या पात्याला लहानसा वायसर लावतो. चक्र कोठेही थांबू लागले म्हणजे काम झाले. समतोल कसा सिद्ध होतो, याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक आम्ही कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही.

मर्ढेकरांना हे उदाहरण आवडले असते की नाही, कोण जाणे. त्यांच्या कवितेतली यंत्रे बहुधा माणसाला चिरडणारी आहेत. पण सिद्धान्तकाराचे उदाहरण त्याच्या आवडीने ठरत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन भूमिकांमधला जो ताण मांडला आहे, त्याच्यासाठीही भिरभिरे कामाचे आहे. ज्वारी-बाजरीच्या शेतात पाखरे हाकण्यासाठी शेतकरी काय करतो? जुन्या पंख्याची पाती खांबावर बसवतो, आसाच्या मागे एक साखळी वा नट बांधतो, तो फिरताना ताटलीवर आपटत राहतो. प्लास्टिकच्या बाटल्यांचे पंख कापून काठ्यांवर लावतो; जुन्या ध्वनिफितींचे चकचकीत पट्टे ताणून बांधतो, तेही वाऱ्यावर थरथरतात आणि आवाज करतात. हाच पंखा, ताटली काढून, रंग देऊन अंगणात उभा केला की शोभेची वस्तू होतो. वस्तू तीच, वारा तोच, पाती तीच. बांधावरून अंगणात येताना नेमके काय बदलले? प्रयोजन गेले, म्हणून सौंदर्य आले? की सौंदर्य आधीही होते आणि राखणीच्या घाईत कोणी पाहिले नव्हते? आम्हांला दुसरे उत्तर खरे वाटते, पण पहिल्या उत्तराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि वर्गात तासभर वाद व्हावा इतके तर नक्कीच आहे.

हे ओघाने आले आहे तर बागप्रेमींना एक व्यावहारिक गोष्टही सांगून टाकतो. शेतात पाखरे ज्याला घाबरतात, त्याला ती अंगणातही घाबरतात, निदान सवय होईपर्यंत. चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवायचे आणि शेजारीच चकाकणारे चक्र लावायचे, हा विरोध मर्ढेकरी लयीतला नव्हे.

फैजपूरचे नाव निघाले म्हणून थोडे थांबू. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन तेथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, हे शाळेच्या पुस्तकातही असते. त्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की त्या ‘टिळकनगरा’ची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती, आणि गांधीजींचा आग्रह होता की ती खेड्यातल्या साधनांनी आणि खेड्यातल्या हातांनी व्हावी. बांबू, चटया, गवत, माती यांतून ते नगर उभे राहिले. आपल्या अभिरुचीच्या इतिहासात शांतिनिकेतन येते, हरिपुऱ्याची १९३८ ची चित्रे येतात, फैजपूर मात्र एका ओळीत आटोपते. वास्तविक ‘सजावट’ या शब्दाला खालच्या पायरीवर बसवणाऱ्या साऱ्यांना हे नगर हे उत्तर आहे. आधुनिक भारतातल्या सर्वश्रेष्ठ चित्रकारांपैकी एकाला कमानी आणि मंडप सजवण्यात कमीपणा वाटला नाही. आणि सजावटीचा प्रश्न ‘असावी की नसावी’ असा नव्हता; ‘कशाची, कोणाच्या हातची’ असा होता. तोच प्रश्न आज अंगणातल्या भिरभिऱ्याला विचारावा.

कारण आम्ही प्रत्येक फिरत्या वस्तूचे वकीलपत्र घेतलेले नाही. बाजारात असेही एक चक्र मिळते, ज्याच्या आत लहानशी मोटर असते. कधी सौर पट्टीवर, कधी बॅटरीवर ते फिरत राहते. बाहेर पान हलत नसताना ते फिरते, पश्चिमेचा वारा सुटलेला असतानाही त्याच चालीने फिरते. त्याला आम्ही भिरभिरे म्हणणार नाही. वारा नसताना थांबण्याची तयारी ही भिरभिऱ्याची पहिली अट आहे. जे कधीच थांबत नाही ते वाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. (काही कवितांबद्दलही असे म्हणता येईल, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) दुसरी आमची तक्रार जत्रेतल्या प्लास्टिकविषयी आहे. चौकोनी कागद घ्यायचा, चारही कोपऱ्यांकडून मध्याच्या दिशेने कापत यायचे, पण मध्यापर्यंत पोचायचे नाही. मग आठ टोके होतात, त्यांतली एकाआड एक चार मध्यावर वळवायची आणि टाचणीने काडीला टोचायची. एवढ्या रचनेत वारा धरणारे चार खिसे तयार होतात. मूल हे पाहत पाहत शिकते, मोडले तर वहीच्या पानाचे दुसरे करते. साच्यातून निघालेले प्लास्टिकचे भिरभिरे फिरते चांगले, पण ते उलगडून पाहता येत नाही; आणि मोडले की नदीच्या पात्रात पडून राहते.

जत्रेचा उल्लेख आम्ही मुद्दाम करत आहोत. शोभेच्या वस्तू म्हणजे सुखवस्तूंचे चोचले, दुष्काळ आणि कर्ज यांनी पिचलेल्या जिल्ह्यांत त्यांचे कौतुक कशाला, असा एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. पण वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, चैत्री पौर्णिमेला धुळ्यात एकवीरा देवीची, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची. जत्रेत ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसे, त्याच्या पोराच्या हातात काय असते? फुगा, पिपाणी किंवा भिरभिरे. घोड्यांच्या सौद्यांची चर्चा करणारे ते पाहत नाहीत. श्रीमंतांच्या बागेत येण्याच्या कितीतरी आधी ही वस्तू गरिबांच्या खांद्यावर होती. बापाच्या खांद्यावर मूल आणि मुलाच्या मुठीत भिरभिरे. चोचला उलट दिशेने प्रवास करून आला आहे. आणि भिरभिरी विकणारा जो माणूस उसाच्या किंवा गवताच्या भाऱ्यात शंभर काड्या खोचून चालतो, तो चालताना दिसतो कसा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अन्य कोणत्या प्रदर्शनाची वाट पाहावी लागू नये.

जगाकडे पाहिले तर हीच गोष्ट वेगळ्या नशिबाने घडलेली दिसते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात व्हॉलिस सिम्पसन नावाचा एक माणूस होता, १९१९ चा जन्म. पेशाने यंत्रे दुरुस्त करणारा, शेतीची अवजारे नीट करून देणारा. महायुद्धात सायपान बेटावर असताना मोडक्या विमानाचे भाग घेऊन त्याने वाऱ्यावर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र केले होते. निवृत्तीनंतर, वयाच्या पासष्टीच्या आसपास, त्याने आपल्या शेतात भंगारातून प्रचंड भिरभिरी उभारायला सुरुवात केली: सायकली, घोडागाड्या, लाकूडतोडे, विमाने, सारी वाऱ्यावर हलणारी, रात्री मोटारीच्या दिव्यांत लखलखणारी. लोक आधी हसले. २०१३ मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याची भिरभिरी त्या राज्याची अधिकृत लोककला म्हणून जाहीर झाली आणि २०१७ मध्ये विल्सन या गावात त्यांच्यासाठी स्वतंत्र उद्यान उघडले. जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत, भुसावळच्या रेल्वेच्या कारखान्यांच्या परिसरात, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडांत असे हात नाहीत, असे कोण म्हणेल? त्यांच्याकडे बेरिंग आहे, पत्रा आहे, वेल्डिंग आहे, आणि मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत तापीच्या खोऱ्यातून वर चढत येणारा पश्चिमेचा वारा आहे. नाही ते एवढेच की हे करणे म्हणजे काहीतरी करणे आहे, असे त्यांना सांगणारे कोणी.

दुसरे टोक अलेक्झांडर कॅल्डरचे. हवेच्या हालचालीने डोलणारी त्याची तारा-पत्र्याची शिल्पे. १९३१ मध्ये मार्सेल द्यूशाँने त्यांना ‘मोबाईल’ हे नाव दिले आणि १९४६ मध्ये सार्त्रने त्यांच्यावर निबंध लिहिला. १९५५ मध्ये कॅल्डर अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे आला, राहिला, आणि तेथेच त्याने काही शिल्पे घडवली. अहमदाबाद आमच्यापासून दूर नाही. संग्रहालयातल्या कॅल्डरसमोर जो प्राध्यापक गंभीर होतो तोच शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या भिरभिऱ्यापाशी स्मित करतो. कॅल्डर आणि गच्चीवरचे भिरभिरे यांची प्रत एकच, असे आम्ही म्हणत नाही. कॅल्डरच्या शिल्पात अनपेक्षिताला जी जागा आहे ती बारा समान पात्यांच्या चक्रात नाही. पण ही तुलना करता येते, ती करण्यासाठी दोन्ही वस्तूंकडे पाहावे लागते, आणि स्मित हा पाहण्याचा पर्याय नाही. साहित्याच्या माणसांना तर साक्षीही जवळच्या आहेत. वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८२० च्या ‘स्लीपी हॉलो’च्या कथेत कोठाराच्या शिखरावर एक लाकडी शिपाई दोन्ही हातांतल्या तलवारींनी वाऱ्याशी लढत असतो, आणि सुखवस्तू म्हातारा शेतकरी ओसरीत बसून ती लढाई पाहतो. कथानकाला त्याची गरज नाही. त्या घराचे सगळे सुख मात्र त्या एका तपशिलात आले आहे.

जळगावच्या एका चौकाला ‘काव्यरत्नावली’ हे नाव आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी याच शहरातून १८८७ पासून चालवलेल्या, केवळ कवितेला वाहिलेल्या मासिकाचे ते नाव. कवितेच्या मासिकाच्या नावाने चौक ओळखणारे शहर फार नसेल. त्या चौकाजवळच भाऊंचे उद्यान आहे. २०१८ पासून आमच्या विद्यापीठाच्या नावात बहिणाबाई आहेत. या सगळ्यांत वाऱ्यावर फिरणारी एखादी चांगली, मोठी, स्थानिक हातांची रचना असू नये, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. मराठी विभागांच्या आवारात ‘उपननी’ शिकवणाऱ्या वर्गाच्या खिडकीतून दिसेल असे एक चक्र लावले, तर वारा नाही म्हणजे काय आणि आला म्हणजे काय, हे टीप न देता समजेल. खर्च एका चर्चासत्राच्या चहापाण्याहून अधिक येणार नाही.

लावणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की जोर आठपट होतो. म्हणून झुळुकीवर फिरेल इतके हलके केलेले चक्र ज्येष्ठातल्या वादळात पाती सोडून देते, आणि पत्र्याचे सुटलेले पाते ही शोभेची वस्तू राहत नाही. वादळाचा रंग दिसला की ते उतरवून ठेवावे किंवा दोरीने बांधावे. चक्रामागे शेपूट असले तर ते आपोआप वाऱ्याकडे तोंड करते; शेपूट नसेल तर पश्चिमेकडे तोंड करून घट्ट बसवले तरी खानदेशात बहुतेक काम भागते. भिंतीच्या आडोशाला लावलेले चक्र दचकत दचकत फिरते, तेव्हा ते मोकळ्या जागी, भिंतीहून उंच असावे. बेरिंगला वर्षातून दोनदा तेल द्यावे, नाही तर रात्री त्याची कुरकुर शेजाऱ्यांच्या झोपेत जाते आणि मग अभिरुचीचा वाद वेगळ्याच पातळीवर येतो.

आणि हे ऋतूचेही काम आहे. खानदेशातल्या बागेत वैशाखात फूल टिकत नाही. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, मोगरा संध्याकाळपर्यंत करपतो, गुलाबाच्या कळ्या उमलण्याआधी वाळतात, नळाला पाणी दिवसाआड येते आणि तेही झाडांपर्यंत पोचत नाही. नेमका त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा सुरू होतो. दुपारी चारच्या सुमारास, बागेत पाहण्यासारखे दुसरे काहीही नसताना, ते चक्र आधी दोनदा मागेपुढे हलते, थांबते, आणि मग फिरू लागते. कार्तिकात, शेवंती बहरलेली असताना, ते दिवसचे दिवस उभे असते आणि त्याच्या एखाद्या पात्यावर चतुर येऊन बसतो.